जॉर्ज लंडनविषयी, मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

ऑपेरा ऐकायला सुरुवात करायची तर पुरुष गायकांपैकी कोणापासून करावी, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. मी जॉर्ज लंडन या बास-बॅरिटोन गायकाचे नाव सुचवतो. बास-बॅरिटोन हा आवाज खर्जाचा भारदस्तपणा सांभाळून वरच्या स्वरांतही धारदार राहतो, आणि म्हणून राजे, देव आणि खलपुरुष यांच्या भूमिका बहुधा त्याच्याच वाट्याला येतात. त्यांतली आतून खचलेली माणसे लंडनइतक्या ताकदीने फार थोड्यांनी उभी केली, असे माझे ठाम मत आहे.

त्याचा जन्म १९२० मध्ये मॉन्ट्रियलला, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. तो पंधरा वर्षांचा असताना हे कुटुंब लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. १९४७ मध्ये मारिओ लान्झा आणि फ्रान्सिस यीन्ड या गायकांसह त्याने त्रिकुटाच्या मैफलींचे दौरे केले, पण ऑपेरात खरा प्रवेश मिळाला तो युरोपात. १९४९ मध्ये तो व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात व्हर्दीच्या ‘आयडा’ या ऑपेरातला राजा आमोनास्रो म्हणून उभा राहिला. ऑपेराची मूळ इमारत १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यामुळे तेव्हा प्रयोग ‘थिएटर आन डेर वीन’मध्ये होत असत. उपासमार आणि पडझड सोसलेल्या त्या शहराने या एकोणतीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाला आपलेसे केले.

मात्र तू लक्षपूर्वक ऐकावेस ते १९५१ चे बायरॉइट, म्हणजे संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव जिथे भरतो ते जर्मन गाव. युद्धामुळे बंद पडलेला वाग्नर महोत्सव त्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाला. वाग्नरच्या घराण्याची हिटलरशी असलेली जवळीक कोणी विसरले नव्हते, आणि त्याच रंगमंचावर, वाग्नरचा नातू वीलांट याने बसवलेल्या ‘पार्सिफाल’ या ऑपेरात, एका ज्यू कुटुंबातला गायक आम्फोर्टास राजाची भूमिका करत होता, हे आठवले की मी आजही थक्क होतो. वीलांटने नेपथ्याचा जुना पसारा काढून टाकून रंगमंच जवळजवळ रिकामा ठेवला होता, त्यामुळे सारा भार गायकाच्या देहावर आणि आवाजावर येई. आम्फोर्टासची जखम भरत नाही आणि त्याला मरणही येत नाही. पहिल्या अंकात पवित्र पात्र उघडण्याचा विधी त्याच्यावर लादला जातो, तेव्हा तो देवाकडे दयेची याचना करतो. बहुतेक गायक इथे आक्रोश करतात. लंडन मात्र स्वर भरीव ठेवतो आणि ओळ तुटू देत नाही. वेदना त्या स्वराच्या आत गच्च भरलेली ऐकू येते, आणि वाद्यवृंदाचा संचालक हान्स क्नापर्ट्सबुश याची संथ लय त्याला पळवाट म्हणून ठेवत नाही. हे डेक्का कंपनीचे ध्वनिमुद्रण सहज मिळते. ते ऐकून झाल्यावर त्याच ठिकाणी, त्याच संचालकाच्या हाताखाली झालेले १९६२ चे ध्वनिमुद्रणही ऐक. आवाजाची कड तोवर किंचित खरखरीत झाली आहे, पण शब्दाशब्दामागची जाण अधिक खोल गेली आहे. मला व्यक्तिशः हे दुसरे अधिक प्रिय आहे.

१९५१ च्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याचे पदार्पण झाले आणि पुढची दीड दशके डॉन जोव्हान्नी, स्कार्पिया, ओनेगिन यांसारख्या भूमिकांनी तो तिथे गाजला. (संगीतकार मेनोत्तीच्या ‘द लास्ट सॅव्हेज’ या भारतात घडणाऱ्या विनोदी ऑपेरातही १९६४ मध्ये त्याची प्रमुख भूमिका होती.) १९६० मध्ये, अमेरिकेचे यू-टू हे हेरविमान सोव्हिएत रशियात पाडले गेल्यावर अवघ्या काही महिन्यांत, तो मॉस्कोला गेला आणि तिथल्या बोल्शॉय या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर रशियन भाषेत बोरिस गोदुनोव या झारची भूमिका गाणारा पहिला अमेरिकन ठरला. ज्या भूमिकेवर रशियन गायकांचा पिढ्यान्‌पिढ्या हक्क चालत आला, ती त्यांच्याच श्रोत्यांसमोर त्यांच्याच भाषेत उभी करायची, याला केवढे धाडस लागले असेल!

‘रिंग’ म्हणजे वाग्नरची चार ऑपेरांची मालिका. संचालक शोल्टीच्या ‘रिंग’ ध्वनिमुद्रणमालेची सुरुवात १९५८ मध्ये ‘राइनगोल्ड’ने झाली, तेव्हा देवांचा राजा वोटान लंडनच होता, पुढच्या भागांत मात्र त्या जागी हान्स होटर हा गायक आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या एका स्वरतंतूला पक्षाघात झाला. दोन्ही स्वरतंतू नीट जुळले नाहीत तर त्यांच्यामधून हवा निसटते, स्वर पोकळ होतो आणि गाणारा लवकर थकतो. वाद्यवृंदाच्या लाटेवरून मायक्रोफोनशिवाय आवाज पोचवणाऱ्या गायकाला हे किती घातक, ते तुझ्यासारख्या नियमित रियाज करणाऱ्याला समजावून सांगायला नको. त्याने काही काळ झुंज दिली आणि १९६७ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गाणे थांबवले. बास-बॅरिटोन आवाज ज्या वयात पूर्ण पिकतो, ते हे वय.

त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळदा इथे हळहळून थांबतात, आणि ते मला पटत नाही. त्यानंतर त्याने वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरची कलाविषयक जबाबदारी सांभाळली, १९७५ मध्ये सिअ‍ॅटलला संपूर्ण ‘रिंग’ दिग्दर्शित केले आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या ऑपेरा संस्थेचे प्रमुखपदही घेतले. १९७७ च्या हृदयविकाराच्या झटक्याने त्याला कायमचे जायबंदी केले आणि १९८५ मध्ये तो गेला. पण त्याच्या नावाचे प्रतिष्ठान तरुण अमेरिकन आणि कॅनेडियन गायकांना आजही पारितोषिके देते. रेने फ्लेमिंग आणि जॉइस डिडोनाटो या नामवंत गायिकांनाही उमेदवारीच्या काळात ते मिळाले होते.

आम्फोर्टासनंतर लाइन्सडॉर्फच्या संचालनाखालचे १९६१ चे ‘वाल्क्यूरे’ हे ‘रिंग’मधले दुसरे ऑपेरा ऐक. त्याच्या अखेरीस वोटान आपल्या लाडक्या लेकीचा कायमचा निरोप घेतो. तो भाग ऐकताना जर्मन संहिता आणि तिचे भाषांतर शेजारी ठेव, आणि मग मला सविस्तर लिही; तुझ्या गाण्याच्या कानाला त्यात काय सापडते, हे जाणून घेण्याची मला फार उत्सुकता आहे.

तुझा,
माधव