लेकीस पत्र: रात्रीचा फोन कोण उचलतं?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

येत्या १ तारखेपासून घरात मार खाणाऱ्या, अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या आपल्या संस्थेची सगळी जबाबदारी तुझ्यावर येते आहे. सत्कार, भेटीगाठी, देणगीदारांचे फोन यांत पहिला आठवडा कसा सरेल ते कळणारही नाही. त्याआधी एक कर. एखाद्या रात्री दोन वाजता आपल्याच हेल्पलाइनवर फोन लाव. किती वेळात उचलला, उचलणारीचा आवाज कसा होता आणि पहिला प्रश्न कोणता आला, एवढं बघ. नाव, वय, पत्ता, नवऱ्याचं नाव असं फॉर्मच्या क्रमानं सुरू झालं असेल, तर कामाला तिथूनच लाग.

मोरीचं दार लावून, नळ सोडून बोलणाऱ्या बाईला पहिला प्रश्न एकच विचारायचा: 'आत्ता बोलता येईल ना?' दुसरा, 'फोन कट झाला तर मी परत करू का? दुसऱ्या कुणी उचलला तर कुठून बोलतेय म्हणून सांगू?' तिनं हो म्हटल्याशिवाय उलटा फोन करायचा नाही, मेसेज तर नाहीच. आपला एक मिस्ड कॉल नवऱ्याच्या नजरेला पडला, तर त्या रात्रीचा मार आपल्यामुळे. तिसरा प्रश्न, लागलंय का आणि मुलं कुठे आहेत. जीवाला धोका असेल तर तिथल्या तिथे ११२, म्हणजे पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक. बाकीची माहिती नंतर.

संचालक म्हणून जे काही ठरवशील, पैशाचं असो, माणसांचं असो की विश्वस्तांचं, ते या फोनपासून मोजत जा. त्या बाईला रात्री दोन वाजता याचा काय उपयोग?

धोका ओळखणं हे प्रत्येक समुपदेशकाला आलंच पाहिजे आणि ते तूच तपासायला हवंस. जीवे मारण्याची धमकी, घरात शस्त्र, बाई गरोदर असणं, सतत पाळत, मार वाढत चाललेला असणं, आणि नुकतंच घर सोडलेलं किंवा सोडणार असल्याचं त्याला कळलेलं असणं. यांतलं एकेक महत्त्वाचं आहे, पण एका खुणेला बाकी सगळ्यांच्या वर ठेव: गळा आवळणं. ज्या घरात हे एकदा झालंय, तिथे पुढे खून होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. बायका स्वतःहून सांगत नाहीत, 'जरा गळा धरला' म्हणून सोडून देतात. म्हणून 'मारतो का?' एवढ्यावर थांबायचं नाही. 'कधी मानेला हात घातलाय का? ओढणी, दोरी, काही आवळलंय का?' असं सरळ विचारायचं. मानेवर वळ दिसतीलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळायला त्रास, डोळ्यांत बारीक लाल ठिपके, त्या वेळी लघवी होणं, मधलं काही न आठवणं, या खुणा. आतली सूज काही तासांनीही वाढू शकते, त्यामुळे बाई 'मी बरी आहे' म्हणाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि केसपेपरवर 'गळा आवळला' हे शब्द लिहून घ्यायचे. नुसतं 'मारहाण' लिहिलं की पुढे कोर्टात ती गोष्ट उरत नाही.

'ताई, निघून या' असं आपल्या कुणीही म्हणता कामा नये. घर सोडण्याच्या आगेमागेचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. कधी निघायचं, निघायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. आपण तयारी करून द्यायची: आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, दवाखान्याचे कागद, रोजची औषधं, स्त्रीधनाची यादी. मूळ कागद काढता आले नाहीत तर फोटो, पण ते तिच्या मोबाइलवर नकोत. बऱ्याच घरांत मोबाइलचं खातं नवऱ्यानं उघडून दिलेलं असतं, फोटो आणि लोकेशन दोन्ही त्याला दिसतात. ही चौकशी न करता बाईला निवाऱ्यात आणलं की तो दुसऱ्या दिवशी फाटकावर उभा.

लैंगिक अत्याचार असेल तर घड्याळाकडे लक्ष. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. कपडे धुवायचे नाहीत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच भरायचे नाहीत. दमट राहून बुरशी धरते आणि पुरावा जातो. कागदी पाकीट वापरायचं. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावेच लागतात. 'आधी पोलिसांत जा' असं कुणी म्हणालं तर आपल्या कार्यकर्तीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९७ कलम तोंडपाठ हवं. बलात्कारपीडितेच्या दोन बोटांच्या योनितपासणीवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट बंदी घातली आहे, हेही.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तुला माहीत आहे, पण संचालकानं त्याच्या तारखांवर डोळा ठेवायचा असतो. अर्ज आल्यापासून पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि त्या तारखेपासून निकाल ६० दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात, म्हणून कलम २३ खालचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश पहिल्याच दिवशी मागायला आपल्या वकिलांना सांग. आदेशाची प्रत फुकट मिळते. ती बाईच्या हातात आणि पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे पोचली की नाही याची नोंद फाइलवर हवी. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, पण ठाण्यात प्रतच नसली की हवालदार हात झटकतो. वकिलाच्या फीवरून कुणी अडलेली असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा, बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि संस्थेची या कायद्याच्या कलम १० खाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी आहे का, ते पहिल्याच महिन्यात पाहा. ती असली की आपल्याला घटना अहवाल लिहून दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो, आणि सद्हेतूनं केलेल्या कामाबद्दल आपल्यावर दावा लागत नाही. दारात येऊन धमक्या देणाऱ्या सासरच्या मंडळींपुढे तुझ्या कार्यकर्त्या मुलींना हाच आधार.

एक गोष्ट मात्र मोडून काढ. वार्षिक अहवालात 'जोडलेले संसार' असा आकडा छापायची जुनी खोड बऱ्याच संस्थांना असते. तो आकडा छापला की समुपदेशक नकळत त्या आकड्यामागे लागते. मग नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत काढली जाते, त्याच्याकडून 'यापुढे मारणार नाही' असं साध्या कागदावर लिहून घेतलं जातं. समोर नवरा बसलेला असताना बाई खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते. मारहाण चालू असताना संयुक्त बैठक नाही, हे लिखित धोरणात घाल. बाई परत गेली तर ती हरली असं नाही, आपणही हरलो नाही. मोजायचं असेल तर किती जणींनी दुसऱ्यांदा फोन केला ते मोज. तिला आपल्याकडे परत यावंसं वाटलं, यासारखी पावती नाही.

अल्पवयीन मुलींच्या बाबतीत वेगळी दक्षता लागते. १८ च्या आतल्या मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि गुन्हा आपल्याच हाताखालच्या माणसाचा असेल आणि प्रमुखानं तो कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद. हे सगळ्या समुपदेशकांना माहीत असतं. चूक होते ती क्रमात. मुलगी विश्वासानं सगळं सांगते आणि मग तिला कळतं की हे पोलिसांकडे जाणार. त्यानंतर ती कधीच तोंड उघडत नाही. म्हणून ती बोलायला लागण्याआधी सांगायचं: 'तू सांगशील ते मी इकडे तिकडे बोलणार नाही. पण तुझ्या अंगाशी कुणी वाईट वागलं असेल तर काही गोष्टी मला कळवाव्या लागतात. कुणाला, कधी, ते मी तुला आधी सांगेन आणि तुझ्यासोबत राहीन.' हे वाक्य नव्या समुपदेशक मुलीकडून दहा वेळा म्हणवून घे. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हवा तिथे घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं आणि वर्दीशिवाय. हे पोलिसांना विसरू देऊ नका.

आता फाइल. नावांची वही एका कपाटात, सांकेतिक क्रमांकाच्या फाइली दुसऱ्या कपाटात, किल्ल्या दोघींकडे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव, फोटो, गाव काही नाही. सोडून गेलेली कार्यकर्ती त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर. देणगीदार निवारा 'बघायला' येतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हण, त्याला कार्यालयात बोलाव. पाठमोरा फोटोसुद्धा नको. साडी, वेणी, हातावरचं गोंदण, यांवरून सासरचा माणूस ओळखतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहेच, पण शिक्षा नसती तरी हेच केलं असतं.

निवाऱ्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या निवाऱ्यातल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले, ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकानं बाहेरून येऊन तपासणी केली म्हणून. आपल्या माणसांवर विश्वास असला तरी बंद दाराआड सत्ता कुणाच्या हातात आहे ते बघत राहायचं. महिन्यातून एकदा बाहेरची एक बाई येऊन राहणाऱ्यांशी एकट्यानं बोलेल, अधीक्षिका खोलीत नसेल, आणि तिचा अहवाल तुझ्याबरोबर विश्वस्तांकडेही जाईल, अशी सोय कर. नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी, आणि आधीच्या दोन ठिकाणी तू स्वतः फोन. नियम कमी ठेव. घरात तिला विचारल्याशिवाय दाराबाहेर पडू देत नव्हते, आणि आपल्याकडेही तीच तऱ्हा असेल तर ती कुठे सुटली? सुरक्षिततेसाठी जे बंधन खरंच लागतं, त्याचं कारण तिला सांगायचं.

१० माणसं कामावर असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आपल्यालाही लागते: अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरचा. बायकांसाठी काम करतो म्हणून आपल्याकडे असं होणार नाही, हा समज सोडून दे.

आपल्या समुपदेशक मुलींना सांभाळ. एकेकीकडे २० ते २५ चालू केसेसच्या वर नकोत. दर आठवड्याला एकत्र केसचर्चा, पंधरवड्यातून एकदा प्रत्येकीशी एकटीनं तासभर, आणि तो तास हिशेबाच्या कामासाठी पुढे ढकलायचा नाही. एखादीच्या केसमधली बाई दगावली, तर दुसऱ्या दिवशी तिला फोनवर बसवू नकोस. चिडचिड, केस विसरणं, 'या बायकाच तशा' असं बोलणं, ही थकल्याची लक्षणं असतात. रागावण्याआधी सुट्टी दे. रात्रपाळीला दोघी, आणि स्वतःचा नंबर कुणी कुणाला द्यायचा नाही.

पैशाचं थोडक्यात. भाडं आणि पगार सहा महिने निघतील एवढी शिल्लक हवी. प्रकल्पाचा निधी मार्चअखेर संपतो आणि नवा कधी जूनमध्ये येतो, फोन मात्र एप्रिलमध्येही वाजतो. प्रत्येक प्रस्तावात रात्रीचा रिक्षाखर्च, औषधं, पॅड, कपडे, दाखले काढायचा खर्च वेगळा लिही. फोनवर बसणाऱ्या मुलीच्या हातात ५,००० रुपये असे ठेव की जे खर्चायला रात्री कुणाची सही लागणार नाही, पावती दुसऱ्या दिवशी. देणगीदारांना करसवलत मिळवून देणाऱ्या ८०जी मान्यतेची मुदत ५ वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या ६ महिने आधी. परदेशी निधी घेत असाल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

विश्वस्तांशी एक ठराव आत्ताच करून घे, कुठलीही केस समोर नसताना. ज्याच्याविरुद्ध तक्रार आली तो विश्वस्ताचा, देणगीदाराचा किंवा कर्मचाऱ्याचा नातलग, ओळखीचा असेल, तर संबंधित व्यक्ती त्या केसपासून दूर राहील, फाइल बघणार नाही, फोन करणार नाही. प्रसंग आल्यावर हा ठराव मांडलास तर तो एकावर रोख धरल्यासारखा होतो, मग कुणीच सही करत नाही.

विश्वस्त मंडळात झालेल्या फेरबदलाचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत जावा लागतो. तो राहिला की बँकेत सह्यांचा घोळ होतो, पगार अडकतात. मागच्या बैठकीत दोन विश्वस्त बदलले आहेत ना? त्या तारखेपासून दिवस मोज आणि अर्ज गेला की मला कळव.

आणि रात्रीचा तो चाचणीचा फोन दोन मिनिटांत आवर. तेवढ्यात कुणी खरोखरीची बाई नंबर फिरवत असेल.

तुझी आई