बिया छापल्यात, डोळे विसरलात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देशी वनस्पतींच्या औषधी आणि कीटकनाशक गुणांवरील संशोधनाचा आपला रविवारचा लेख वाचला. विषय चांगला आहे आणि त्याला पानभर जागा दिलीत याचा आनंद आहे. पण लेखाशेजारच्या ‘घरच्या घरी’ या चौकटीत आपण लिहिले आहे की, सीताफळाच्या बिया वाटून तेलात कालवून डोक्याला लावाव्यात, उवा मरतात. चौकट तिथेच संपते. हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

उवा मरतात, यात शंका नाही. त्या बियांमध्ये ॲसिटोजेनिन गटातली द्रव्ये असतात आणि ती किड्यांना घातक ठरतात. पण तीच पूड किंवा ते तेल डोळ्यांत गेले तर काय होते, हे आपल्या लेखकाला ठाऊक नाही का? डोळा लालबुंद होतो, आगीने उघडवत नाही, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला जखम होते. असे रुग्ण आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिले आहेत आणि त्यांवर लिहिलेही आहे. उवा होतात त्या बहुतेक शाळकरी मुलींना. आपली चौकट वाचून एखाद्या आईने आजच बिया वाटायला घेतल्या असतील तर?

माझ्या सासूबाई हे औषध करत. पण त्यासाठीचा दगड वेगळा होता, तो अंगणात तुळशीमागे पालथा असे आणि स्वयंपाकाच्या पाट्याजवळ कधीच येत नसे. बिया वाटताना पोरांना जवळ फिरकू देत नसत. लावायच्या आधी मुलीच्या कपाळावरून, भुवयांच्या वर, जाड फडक्याची घट्ट पट्टी बांधत. धुताना डोके पुढे वाकवायचे नाही, मान मागे टाकायची, आणि पाणी कपाळाकडून मानेकडेच जाईल असे ओतायचे. मुलीने डोळ्याला हात लावला तर हातावर फटका बसे. डोक्यावर खरूज किंवा जखम असेल तर त्या सरळ नाही म्हणत.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची मंडळी गावोगावची वनस्पतींची माहिती गोळा करत आमच्याकडे आली होती. सासूबाईंनी त्यांना हे सगळे करून दाखवले, अगदी पट्टी बांधण्यापर्यंत. “डोळ्यात गेलं तर पोरीची नजर जाईल, हे आधी लिहा,” असे त्यांनी माझ्यासमोर सांगितले. मंडळींच्या छापील तक्त्यात रकाने होते ते असे: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरला जाणारा भाग, उपयोग. खबरदारीचा रकानाच नव्हता. पुढे त्यांचा अहवाल इंग्रजीत निघाला. आमच्याकडे त्याची प्रत आली नाही, ती माझ्या भाच्याने शोधून आणली. त्यात सीताफळासमोर ‘बिया’ आणि ‘उवा’ एवढेच होते. सासूबाईंना ते वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मी बोलत कशाला होते?” आता त्या नाहीत. आपल्या चौकटीत पुन्हा तेच दोन शब्द पाहून मला हे पत्र लिहावे लागते आहे.

औषध म्हणजे फक्त वनस्पतीचे नाव नव्हे. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतीच. पण १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा जगाने दखल घेतली. पुढे तिच्यातून वेगळ्या काढलेल्या रेसरपीन या द्रव्यामुळे काही रुग्णांना नैराश्य येते, हा इशाराही डॉक्टरांनीच दिला. गुण आणि इशारा दोन्ही नोंदवायचे असतात.

कडुनिंबाचेही आपण असेच केले आहे. ‘पाल्याचा रस फवारा, किडी मरतील’ म्हणे! किडींवर काम करणारे अझाडिरॅक्टिन हे द्रव्य प्रामुख्याने निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात असते, पाल्यात ते फारच कमी. शिफारस आहे ती पाच टक्के निंबोळी अर्काची: सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबणचुरा मिसळून एकूण शंभर लिटर करायचे आणि त्याच दिवशी फवारायचे. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात हे द्रव्य लवकर विघटित होते. आणि किडी लगेच पटापट मरत नाहीत. त्यांचे खाणे सुटते, अळीला नीट कात टाकता येत नाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून शेतकरी दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या पाहतो आणि ‘निंबोळी अर्कात काही दम नाही’ म्हणून पुन्हा महागडी बाटली आणतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळीचे टोळांवरचे प्रयोग १९६२ च्या सुमारासच झाले होते. इतक्या वर्षांनंतरही आपण वाचकाला पाला कुटायला सांगता, याचे वाईट वाटते.

युरोपातले कडुनिंबाचे पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले, हे आपण अभिमानाने छापलेत. अभिमान मलाही आहे. पण ज्या ज्ञानासाठी आपण तिथवर भांडलो, ते घरी तरी पुरते लिहून ठेवायला हवे ना?

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र कडुनिंबाचे नाही, ते बकाणनिंबाचे आहे. जांभळट फुले आणि दुहेरी फुटलेली पाने चित्रात स्पष्ट दिसतात. कडुनिंबाची फुले पांढरी असतात आणि पान एकाच दांड्यावर दोन्ही बाजूंनी दातेरी छोट्या पानांचे असते. बकाणनिंबाची फळे पोटात गेली तर विषबाधा होते, त्यामुळे ही चूक किरकोळ समजू नये.

येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत सीताफळाच्या बियांचा धोका छापावा. दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको. आणि छायाचित्र बदलताना ते वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या जाणकाराला आधी दाखवून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक