बंदर कप्तान खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र: होडीच्या मागच्या फळीवर एक पट्टी हवी

माननीय मंत्री,
बंदर कप्तान खाते, गोवा सरकार, पणजी

सादर नमस्कार.

दुर्भाटला जुवारीच्या काठावर आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवायची इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. पूर्वी माझ्याकडे बहुतेक पागी, म्हणजे पारंपरिक मच्छीमारच यायचे. त्यांना होडी कळायची, सुकतीची, म्हणजे ओहोटीची ओढ कळायची, फक्त इंजिनाचं काही अडलं तर माझी गरज लागायची. आता गिऱ्हाईक बदललं आहे. नदीकाठी घर घेतलेले डॉक्टर येतात, चोडण-दिवाडीकडे पाहुण्यांना पक्षी दाखवणारे येतात, सुट्टीत गळ टाकायला जाणारे सरकारी नोकर येतात. त्यांना चौदा-सोळा फुटांची फायबरची रनअबाउट, म्हणजे उघडी छोटी मोटरबोट हवी असते आणि पहिला प्रश्न ठरलेला: किती हॉर्सपॉवरचं इंजिन घालू? विकणारा मोठं सांगतो, मित्र स्वस्तातलं सांगतो, आणि होडीवर बघावं तर काहीच लिहिलेलं नसतं. हे पत्र त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे.

अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या मोटरबोटीवर एक पट्टी लावावीच लागते. जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, किती माणसं, किती वजन, एवढंच त्यावर असतं. शिडाच्या होड्या, कनू-कयाक आणि हवेच्या होड्या त्यातून वगळल्या आहेत. हॉर्सपॉवरचा आकडा काढायची रीत शाळेतल्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे. होडीची लांबी फुटांत घ्या, मागच्या फळीची, म्हणजे जिच्यावर इंजिन बसतं तिची रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा. चौदा फूट गुणिले पाच फूट, म्हणजे ७०. आता खरी गंमत पुढे आहे. त्याच मापाच्या होडीला चाकाचं स्टिअरिंग असेल आणि मागची फळी २० इंच किंवा त्याहून उंच असेल, तर ७० ची दुप्पट करून ९० वजा करायचे: ५० हॉर्सपॉवर. मागे बसून हाताने टिलर, म्हणजे इंजिनाचाच दांडा धरून चालवायची असेल तर ७० ला ०.८ ने गुणून २५ वजा: ३१, आणि पाचाच्या पटीत वर न्यायची मुभा असल्यामुळे ३५. आणि टिलरचीच, पण सपाट तळाची नि तळाची कड धारदार असलेली होडी असेल, तर ७० चे निम्मे करून १५ वजा: २०.

साहेब, लांबी तीच, रुंदी तीच, आणि उत्तरं तीन: ५०, ३५, २०. हे गणित माझ्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, त्यात त्याचा दोष नाही. पण 'चौदा फुटीला चाळीसचं चालतं' असं त्याला काउंटरवर बसून सांगितलं जातं आणि तळ कुठला, स्टिअरिंग कुठलं, हे कुणी विचारतही नाही.

अशीच एक होडी पावसाच्या आधी माझ्याकडे आली होती. सपाट तळाची, टिलरची, आणि मागे चाळीसचं फोर स्ट्रोक. मालकाची तक्रार एवढीच की इंजिन 'हलतं'. मी हातोडीच्या दांड्याने मागची फळी वरून खाली ठोकत गेलो. कडेला आवाज टणक येत होता, बोल्टांच्या भोवती मात्र बद्द. इंजिनाचे क्लॅम्प जिथे बसतात तिथे फायबरला केसाएवढी चीर होती. तिच्यातून पाणी आत शिरून दोन फायबरांमधलं प्लायवूड कुजलेलं होतं. बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी आलं. चाळीसचं फोर स्ट्रोक इंजिन नव्वद किलोच्या पुढे जातं. ते वजन आणि त्याचा जोर अशा फळीवर, ज्या फळीने पंधरा-वीसचं इंजिन जन्मभर वागवलं असतं.

फळी तुटणं हा पैशाचा प्रश्न झाला. जिवाचा प्रश्न वेगळा आहे. मागे जड इंजिन, त्यात मागेच बसलेला चालवणारा आणि त्याच्या पायाशी पेट्रोलची टाकी. फळीची वरची कड पाण्यापासून वीतभर उरते. असा माणूस वेगात येऊन धक्क्याजवळ थ्रॉटल झटक्यात बंद करतो. होडी थांबते, पण तिने मागे उठवलेली लाट थांबत नाही. ती येते आणि फळीवरून सरळ आत शिरते. समुद्र शांत, वारा नाही, आणि होडीत गुडघाभर पाणी. हे मी जेटीवर उभा राहून पाहिलं आहे. लोक म्हणाले, नशीब वाईट. नशिबाचा काही संबंध नव्हता.

यावर खात्यातला एखादा अधिकारी म्हणेल, मग सगळ्यांनी लहान इंजिनच घालावं, सुरक्षित आणि नदीलाही बरं. नेमकं इथेच चुकतं. लहान इंजिन दोनच ठिकाणी शहाणपणाचं असतं: हळू जायचं असेल तर, किंवा भार कमी असेल तर. पाण्यातली लांबी तेरा फूट असलेली होडी पाण्याला ढकलत जाते तेव्हा पाच नॉटच्या आसपास तिची मर्यादा येते. सावकाश जाणाऱ्याला ९.९ पुरून उरतं. त्यापुढे जायचं तर होडीला पाणी ढकलणं सोडून पाण्यावर चढावं लागतं, आणि त्यासाठी वजनाच्या हिशेबात ताकद लागते. माझा ढोबळ हिशेब असा की एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला वीस किलोच्या आत वजन यावं.

हा हिशेब करून बघा. फायबरची होडी १८० किलो, पंचवीसचं इंजिन ६० किलो, भरलेली टाकी २२ किलो, नांगर, दोर, जॅकेटं, बॅटरी मिळून ३० किलो. दोन माणसं बसली की ४४२ किलो, म्हणजे हॉर्सपॉवरला साधारण १८ किलो. होडी ऐटीत चढते. मालक खूश होऊन रविवारी आणखी तिघांना घेऊन निघतो. आता ५९२ किलो, हॉर्सपॉवरला जवळजवळ २४. होडी चढता चढत नाही, नाक आभाळाकडे, बूड पाण्यात, समोरचं काही दिसत नाही, आणि चालवणारा थ्रॉटल तसाच दाबून धरतो, कारण त्याला वाटतं आता चढेल, मग चढेल. याच अवस्थेत होडी सगळ्यात मोठी लाट उठवते. पूर्ण चढलेली होडी तिच्यापेक्षा कमी लाट मागे टाकते आणि हळू चाललेली तर नाहीच.

कुंभारजुव्याच्या कालव्यात किंवा दिवाडीच्या मागे ही लाट जाते कुठे? खाजनांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या बांधावर. मातीचे बांध आणि पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपा, म्हणजे मानशी, ज्यांच्या दुरुस्तीसाठी गावचे लोक दरवर्षी कुणाकुणाचे उंबरठे झिजवतात. वेगमर्यादेचे फलक लावून हे थांबत नाही, कारण नाक वर करून चाललेली ती होडी मुळात वेगात नसतेच. म्हणून म्हणतो, प्रश्न इंजिन मोठं की लहान हा नाही. ही होडी, हा भार, ही बैठक आणि हे इंजिन यांचा मेळ बसतो का, हा आहे. चौघांनी मिळून फिरायचं तर वरच्या टिलरच्या होडीला तीस घ्यावं. त्याहून जास्त भार न्यायचा तर इंजिन न बदलता होडी बदलावी: सोळा फुटी, मागे साडेपाच फूट रुंद, चाकाचं स्टिअरिंग, उंच फळी. तिथे पट्टीचं गणित ८६ ला जातं, आणि त्यावर साठ-सत्तरचं इंजिन निवांत चालतं. पट्टीवरच्या कमाल आकड्याच्या पाऊण हिश्शाजवळचं इंजिन बहुतेकांना पुरतं, असं माझं मत आहे. ज्याला प्रत्येक वेळी थ्रॉटल शेवटपर्यंत लावावी लागते त्याचं इंजिन माझ्याकडे लवकर येतं.

एक गोष्ट मात्र सरकारच्याच नियमातून येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरीवर जाळी टाकणाऱ्या नोंदणीकृत लहान होड्यांना त्यातून सूट असते. सूट योग्यच आहे, पारंपरिक पाग्याचं पोट त्यावर आहे. पण या आकड्याने होडीकडे बघायचं राहून जातं. अंगाने जड झालेल्या, जाळी आणि तीन माणसं भरलेल्या होडीला ९.९ लावून माणूस पावसात निघतो, आणि आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी नदीचा लोंढा नि दर्याची लाट समोरासमोर येतात तेव्हा त्याच्याकडे मागे फिरण्याएवढीही ताकद शिल्लक नसते. मी मर्यादा वाढवा म्हणत नाही. दहा हॉर्सपॉवर किती वजनाच्या होडीवर, हे त्याच नियमात लिहा, एवढंच म्हणतो. मच्छीमारी खातं आपलं नसेल, पण होडीची नोंद आणि तपासणी हा विषय आपल्या टेबलावर येतोच.

शाफ्टचंही, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचंही तसंच. १५ इंचांच्या फळीला आखूड, २० इंचांच्या फळीला लांब. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यावी. आखूड शाफ्ट उंच फळीवर घातला की पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. लांब शाफ्ट बुटक्या फळीवर घातला की सुकतीला आमच्या चिखलात तो रुततो. वापरलेलं इंजिन स्वस्तात घेणारे इथे हमखास फसतात.

पंख्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. पूर्ण भार घालून थ्रॉटल शेवटपर्यंत दिली की इंजिनाने पुस्तिकेत दिलेल्या मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत, बहुतेक फोर स्ट्रोकांत पाच ते सहा हजारांपर्यंत, जायला हवं. साडेचार हजारांवरच दम तोडत असेल तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत पंखा जेवढं पुढे सरकायला बघतो ते अंतर, कमी करा. एक इंच पिच कमी केली की दीड-दोनशे फेरे वाढतात. कित्येकदा मोठं इंजिन घ्यायला निघालेल्या माणसाचं काम या एका पंख्याने होतं. (पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल इथे फार लिहीत नाही, ते दिल्लीचं प्रकरण. आउटबोर्डांच्या पुस्तिका बहुधा १० टक्क्यांवर थांबतात, आणि आमच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून टाकीच्या तळाशी बसवतं, एवढं आपल्या कानावर घालतो.)

आता मागणं. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला, आणि त्याखाली राज्याला नियम करता येतात. त्यात एक नियम घाला: गोव्यात नव्याने नोंद होणाऱ्या सहा मीटरच्या आतल्या प्रत्येक मोटर होडीच्या मागच्या फळीवर आतल्या बाजूने एक पट्टी. कमाल हॉर्सपॉवर, इंजिनासह कमाल वजन, माणसं, फळीची उंची. देवनागरीत, म्हणजे मराठी-कोंकणी दोन्ही वाचणाऱ्यांना चालेल. बाहेरून येणाऱ्या होड्यांवर ती बहुधा असतेच. अडचण आमच्या इथल्या साच्यांतून निघणाऱ्या होड्यांची आहे. एका साच्यातून निघालेली होडी तीच असते, म्हणून साच्यागणिक एकदाच हिशेब करून खात्याच्या सर्व्हेअरने तपासला की पुरे. बांधणाऱ्यावर त्याचा फार बोजा पडेल असं मला वाटत नाही. जो म्हणेल पडेल, त्याच्या फळीवर मी एकदा हातोडीचा दांडा फिरवून बघेन.

दुसरं मागणं चाचणीच्या जागेचं. नवं इंजिन लावलं की पूर्ण भार घालून, पूर्ण वेगात ते चालवून बघावंच लागतं, नाहीतर पंखा बरोबर की चूक कळणार कसं? आज ही चाचणी जिथे जागा मिळेल तिथे होते, फेरीबोटींच्या वाटेत, पणजीसमोर पर्यटकांच्या बोटींच्या गर्दीत. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, ती इंजिनाच्या चाचणीवरच होती. नौदलाकडे कुशल माणसं असतात. आमच्याकडे पहिल्यांदाच टिलर धरलेला हौशी असतो. जुवारीवर आणि मांडवीवर एकेक सरळ पट्टा, खोल, फेरीच्या मार्गापासून लांब, तरंगत्या बोयांनी आखून द्या. सकाळचे दोन तास. किल स्विचची, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली असल्याशिवाय तिथे कुणाला सोडू नका. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांच्या आतल्या मोटरबोटींना ती सक्तीची केली आहे आणि आपल्याकडे ती बहुतेक होड्यांत इंजिनालाच लटकलेली दिसते.

जून-जुलैत बहुतेक होड्या काठावर ओढलेल्या, इंजिनं उतरवलेली आणि फळ्या उघड्या असतात. पट्ट्या मारायला वर्षातली तीच सोयीची वेळ. परिपत्रक मे महिन्यात निघालं, तर ऑगस्टात पाण्यात उतरणाऱ्या नव्या होड्यांवर त्या लागलेल्या असतील. मोजमापाला आणि हिशेबाला माणूस कमी पडत असेल तर दुर्भाटच्या फेरी धक्क्याजवळ मला कुणीही दाखवेल.

आपला,
दुर्भाटचा एक इंजिन मेकॅनिक