गाडी थांबते, पण आमच्यासाठी नाही

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी इगतपुरीचा. आजोबा गँगमन, वडील लोकोत फायरमन.

मंगळवारी आईला डायलिसिसला नाशिकला न्यायचं होतं. नेहमीची गाडी दोन तास लेट. शेड गळत होती, आईला छत्रीखाली धरून बसलो. तेवढ्यात एक एक्सप्रेस आली आणि आमच्यासमोर थांबली. घाटात मागून ढकलायला लावलेली जादा इंजिनं, म्हणजे बँकर, सुटेपर्यंत उभी होती. आईला उचलून दारापर्यंत नेलं, तर म्हणाले, हा तांत्रिक थांबा, इथून चढता येत नाही. गाडी निघून गेली. मशीनवरची आईची पाळी गेली. दोन दिवस ती अंग सुजून पडून होती, श्वास पुरत नव्हता. ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहितोय.

स्टेशनाबाहेरच्या सभेत तुम्ही दिवाळीपर्यंत थांबा देतो म्हणाला होतात. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या.

थळ घाट, म्हणजे कसारा घाट, चढून रेल्वे इथे आली ती १८६५ साली. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट, म्हणून आजही कसाऱ्याला गाडीला बँकर लागतात आणि इगतपुरीला सुटतात. मुंबईकडची डीसी वीज इथे संपायची, पुढे एसी, त्यामुळे कित्येक वर्षं इंजिनच इथे बदलायचं. गाडी उभी राहिली की वडा आणि चहा घ्यायला माणसं धुक्यात उतरायची. आम्ही पोरं शिट्टीवरून गाडी ओळखायचो. वडिलांचा डबा घेऊन रनिंग रूमकडे, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीकडे, पळताना चपला चिखलात रुतायच्या. हे गाव गाड्यांच्याच वेळेवर जेवलं आणि झोपलं.

आणि आम्हाला काय मिळालं? अप्पर वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडूनही तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला जमीन आमच्या लोकांनीही दिली. पाणी, रस्ता, रूळ सगळं आमच्या अंगणातून जातं आणि अर्ज केला की उत्तर येतं, 'व्यवहार्य नाही'. कोणाला व्यवहार्य नाही साहेब? गाडी तर रोज उभी राहते! सरकारं बदलली, उत्तर बदललं नाही. मतं मागायला मात्र प्रत्येकाला इगतपुरी सापडते.

नवी गाडी मागत नाही. जी थांबतेच आहे, तिचा थांबा टाइमटेबलात लिहा आणि खिडकीवर तिचं तिकीट द्या. आईची पुढची पाळी शुक्रवारी सकाळी अकराची आहे. आम्ही आठ वाजता प्लॅटफॉर्मवर असू.

एक इगतपुरीकर