घर घेतलंय, अप्पा

ब्लूमिंग्टन, इंडियाना

ती. अप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दोन रविवार ठरवून फोन लावला आणि दोन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारताच माझा धीर गेला. म्हणून लिहिते. मी इथे घर घेतलंय. सोमवारी सह्या झाल्या. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर अप्पा, तुम्ही "घे" म्हणाला असता आणि रात्रभर ओसरीवर बसून राहिला असता.

घर कुणाचं ते ऐका. शेजारचे शर्यतवाले आजोबा, ज्यांना तुम्ही व्हिडिओवर आपला सोन्या बैल दाखवला होता, ते माघात गेले. त्यांचं घर. आजी मुलाकडे राहायला गेल्या. परक्याला विकायचं नाही म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

त्या दिवशी तुम्हा दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी अर्धा तास तुम्ही बैल आणि ते गाडी दाखवत बसला होता. ते गेल्यापासून मला तेच आठवतंय. इथलं शर्यतीचं मैदान 1923 सालचं आहे. लाल मातीचं, पाव मैलाचं, म्हणजे साधारण 400 मीटरचं गोल. आधी पाणी मारून माती दाबून घेतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या ओल्या मातीच्या वासाने निमगावचा बैलगाड्यांचा घाटच आठवला. स्प्रिंट कारला, म्हणजे इथल्या मातीवरच्या शर्यतीच्या गाडीला, स्टार्टर नसतो, मागून दुसऱ्या गाडीने ढकलून चालू करावी लागते. आणि डावीकडे वळताना चाक उजवीकडे फिरवून मागचं धूड घसरवत नेतात. आजोबा म्हणायचे, हे शिकवून येत नाही, घरात असावं लागतं.

आपल्याकडे गाडामालकांची घरं असतात ना, तसं इथे किन्सर घराणं. बाप बॉब याच मातीवर पळाला. मुलगा स्टीव्ह 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' या स्प्रिंट कारच्या मोठ्या शर्यतमालिकेचा 20 वेळा विजेता, आयोवातली नॉक्सव्हिलची मोठी शर्यत त्याने 12 वेळा मारली, आणि 2005 मध्ये तीच नातू क्रेगने जिंकली. आपल्या शेजारच्या आजोबांचं नाव एवढं मोठं नव्हतं. ते दिवसभर गॅरेजात राबायचे आणि शुक्रवारी रात्री पळायचे. पुढे मुलं पाने-हातोडे घेऊन उभी राहिली, आता नात चालवते. अख्खं घर त्या एका गाडीभोवती.

त्यांना मी आपली बंदीची वर्षं सांगितली होती. 2014 ला बैलगाडा शर्यती थांबल्या, 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली, आणि तोवर सोन्या म्हातारा झाला. त्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं का पोसला? मी सांगितलं, अप्पांनी सरकी पेंड एक दिवस चुकवली नाही. ते काही बोलले नाहीत. हात धरून मला मागे घेऊन गेले. तिथे इंजिन काढलेला एक जुना सांगाडा होता. दर हिवाळ्यात ते त्याला तेलाचा हात फिरवायचे.

शेवटच्या दर्शनाला शवपेटीशेजारी हेल्मेट ठेवलं होतं. काचेवरची लाल माती कुणीच पुसली नव्हती. मला तिथे रडू आलं ते तुमच्यासाठी आलं, अप्पा. तुमच्या खांद्यावर बसून बारी बघायचे, भंडारा डोळ्यांत जायचा आणि तुम्ही धोतराच्या सोग्याने पुसायचे.

घर घेतलं म्हणजे परत येणार नाही, असं मनात आणू नका. भाड्यात जातंय तेवढ्याच पैशात हप्ता बसतो, आणि नोकरीही आता पक्की आहे. सातबाऱ्यावरचं माझं नाव तसंच राहू द्या. घर एकमजली आहे, आईच्या गुडघ्यांना एकही पायरी नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. थंडीत आत उबदार असतं. बाजरीचं पीठ इंडियानापोलिसला मिळतं, भाकरी मी करते आणि आता फुगतेही. आई, मी नीट जेवते गं.

आता माझं ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत करायचं, पुढे ढकलायचं नाही. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला एकट्याने मोटरीवर जायचं नाही, उसात बिबट्या फिरतोय आणि तुम्ही बॅटरीसुद्धा नेत नाही, हे मला चुलत्यांकडून कळतं. यात्रेत घाटात गाड्यांपुढे उभं राहायचं नाही, कठड्यामागे बसायचं. रागावू नका. इतक्या लांबून मला दुसरं काही करता येत नाही.

माघी पौर्णिमेला येतेय, पाच आठवडे. रजा मंजूर झालीय.

गॅरेजच्या भिंतीत हेल्मेट अडकवायचा एक मोठा खिळा आहे. तो काढू नकोस, एवढंच आजी सांगून गेल्या. सोन्याची घुंगरमाळ माळ्यावर आहे का, ते आईला विचारून ठेवा. येईन तेव्हा मागेन, तुमच्याने देववली तर द्या.

तुमची,
छकुली