पाटाच्या शेवटचा तुकडा

ट्योर्बेल, ५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोन केला की आई "जेवलीस का" विचारते, बाबा "हं, बोल आईशी" म्हणतात आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून पत्र. दादा प्रिंट काढून देईल. बाबा, तुम्ही चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. आणि मधलं काही गाळायचं नाही. कुठं गाळाल ते मला ठाऊक आहे.

तीन आठवडे जे फोनवर ओठांपर्यंत येऊन परत गेलं, ते आधी सांगून टाकते. एप्रिलमध्ये आम्ही कायमचे परत येत नाही. आखाजीला येतोय, तीन आठवडे राहतोय, तिकिटं काढलीत. पण नंतर पुन्हा इकडेच. इथं स्वित्झर्लंडच्या डोंगरात, ट्योर्बेल गावात, एका जुन्या घराचा एक मजला विकत घेतला. सह्या झाल्या. विचारायला हवं होतं, आधी सांगायला तरी हवं होतंच. पण तुम्ही "बघ बाई, तुला योग्य वाटतं ते कर" म्हणाला असता, आणि ते ऐकून मी सही केली नसती.

आई, लगेच पदर डोळ्यांना लावू नकोस. पुढं ऐक.

हिशेबानं पाहिलं तर बरोबरच आहे. खालच्या व्हिस्प शहरातली माझी नोकरी आता कायमची झाली, सचिनचं काम कॉम्प्युटरवर, तो कुठूनही करतो. आधी बाझेल शहरात जेवढं भाडं भरत होतो त्याहून इथला हप्ता कमी. शिवाय तिथं चौथ्या मजल्यावर राहून शेजारच्याचं नाव कळलं नव्हतं. इथं आल्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. हातात अर्धी पाव-वडी, आणि तोंडानं "टागवोल". इकडच्या डोंगरातला रामराम तो. शहरातल्यासारखं "ग्र्युएत्सी" म्हटलं की लगेच कळतं, पोरगी बाहेरची आहे.

आता बाबांचा प्रश्न, जो तुम्ही विचारणार नाही, पण आईकडून विचारून घ्याल: "शेती सोडून गेली ती गेली, निदान शहरात तरी राहायचं. खेड्यातच राहायचं होतं तर आपलं काय वाईट होतं?" याचं उत्तर मी बसमध्ये जाता-येता रोज तयार करते. खाली श्टाल्डनहून पिवळी पोस्टाची बस वळणं घेत वर चढते, तेवढा वेळ पुरतो. तरी अजून धड जमलेलं नाही. म्हणून गावच सांगते, तुम्हीच काय ते ठरवा.

गाव दीड हजार मीटरवर, उताराला चिकटलेलं. माणसं पाचशेच्या आसपास. स्वतःच्या बोलीत ते गावाला टेरबिल म्हणतात. घरं लार्च नावाच्या झाडाच्या लाकडाची, उन्हानं काळीठिक्कर पडलेली, वर दगडी फरशांची छपरं. धान्याच्या कोठ्या खांबांवर उभ्या, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर गोल चपटा दगड, जात्याच्या तळीसारखा. उंदीर खांब चढून येतो, पण दगडाखालून उलटं चालणं त्याला जमत नाही. झाली कोठी राखून! आपल्या कणगीचे उंदीर आठवले, आणि त्यांच्यामागे काठी घेऊन धावणारी आई.

तुम्हाला वाटेल स्वित्झर्लंड म्हणजे सगळं हिरवंगार. तसं नाही. हा भाग देशातला सर्वात कोरडा. खालच्या खोऱ्यात वर्षाला जेमतेम पन्नास-साठ सेंटीमीटर पाऊस. म्हणजे आपल्यापेक्षा फार काही जास्त नाही, बाबा. म्हणून शेकडो वर्षांपूर्वी यांनी डोंगराच्या कुशीतून पाट काढले, कुठं कडा फोडून, कुठं लाकडी पन्हळी टांगून. या पाटांना इथं झुओने म्हणतात. पाणी येतं बर्फाचं, लांबून, आणि मग पाळीपाळीनं प्रत्येकाच्या कुरणाला.

ऑगस्टमध्ये एकदा आजींनी कपाटातून एक काठी काढून दाखवली. वीतभर लांब, हातानं गुळगुळीत झालेली. एका बाजूला त्यांच्या घराण्याची खूण कोरलेली, दोन रेघा आणि एक फुली, आणि कडेला खाचा. खाचा म्हणजे पाण्याचे तास. लिहिता न येणाऱ्या माणसालाही बोट फिरवून कळावं, आपलं पाणी किती. मी बोट फिरवलं आणि मला काय आठवावं? सामोड्याकडच्या फडाची, सामाईक पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांची, ती तुमची वही, लाल पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली. पाटकरी दारात आला की तुम्ही जेवण अर्धं टाकून उठायचात, आणि आई म्हणायची, "पाणी पळून जाणार आहे का?" तुम्ही म्हणायचात, "पाणी नाही, पाळी पळते."

हे वाक्य मी आजींना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही फडाचे पंच होतात. या गावाचा १४८३ सालचा कागद आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी गावकऱ्यांनी एकत्र बसून वरची कुरणं, रान, पडीक जमीन कशी वापरायची ते लिहून काढलं. पुढं १५१७ साली आणखी एक नियम केला: हिवाळाभर जेवढ्या गाई तुम्ही आपल्या गवतावर जगवू शकता, तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणावर न्यायच्या. बस्स. जास्त नेल्या तर दंड. दंड वसूल करणाऱ्या कारभाऱ्याला त्यातला अर्धा वाटा मिळायचा! आपल्या फडाच्या हवालदाराला अर्धा दंड दिला असता तर अप्पा पाटलांच्या रात्रीच्या चोरट्या पाण्याच्या बाऱ्या कधीच पकडल्या गेल्या असत्या. (हे वाक्य वाचताना खिडकी लावून घ्या.)

लाकूडही तसंच. तोडायची झाडं खूण करून ठरवायची, सारखे ढीग करायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. रॉबर्ट नेटिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या दशकात या गावाचा हिशेब मांडला, आणि त्याचा दाखला देत एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी दाखवलं की सामाईक गोष्टीचं वाटोळंच होतं असं नाही, माणसं नियम करून ती शेकडो वर्षं सांभाळतात. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही हे आयुष्यभर ओट्यावर बसून सांगत होतात, तुम्हाला मात्र रघूनानांनी म्हातारचळ लागला म्हटलं.

पण सगळं गोडच आहे असं समजू नका. म्हणाल पोरगी भुलली. पोरंपोरी खाली शहरात निघून जातात. जी राहिली ती व्हिस्पच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि आल्यावर गवत कापतात. आजींचा मुलगा पहाटेची पाळी करून दुपारी उतारावर यंत्र घेऊन उभा, आणि आजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याच्या मागं दाताळं घेऊन गवत ओढतात. त्या उतारावर मला नुसतं उभं राहता येत नाही. शेजारच्या एम्बड गावाबद्दल तर गंमतच सांगतात, तिथं कोंबड्यांच्याही पायाला खिळे ठोकतात म्हणे, घसरू नयेत म्हणून. सरकार उताराच्या शेतीला पैसे देतं, त्यावर बरंच तगून आहे. आपल्याकडे कोण देतं? उगाच लिहिलं. जाऊ दे.

आई, तुझ्या काळजीचं. मे महिन्यात टीव्हीवर ब्लाटन गाव गाडलेलं पाहून तू रात्री दोनला फोन केला होतास. ते गाव इथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, वेगळ्या खोऱ्यात. त्याच्या डोक्यावर हिमनदी होती, आमच्या नाही. आणि डोंगर हलतोय हे कळल्यावर तिथल्या तीनशे माणसांना आठ-नऊ दिवस आधीच बाहेर काढलं होतं. गुरंसुद्धा काढली, एक जखमी गाय तर हेलिकॉप्टरला टांगून. तरी एक जण गेलाच. तो मेंढ्यांवाला होता. मी खोटं सांगत नाही तुला, डोंगरात राहायचं म्हणजे वर बघत राहायचं. पण ही माणसं बघतात.

बाकी बठ्ठं बरं शे. नळाला चोवीस तास गरम पाणी. घर इतकं उबदार की सचिन हिवाळ्यात बनियनवर फिरतो. तूरडाळ, तांदूळ खाली मिळतो. ज्वारीचं पीठ बर्नहून आणते, व्हिस्पहून रेल्वेनं बोगद्यातून तासाभरात पोचता येतं. इथला पाव राय नावाच्या धान्याचा, काळा, आंबूस, दगडासारखा. पूर्वी गावाची भट्टी वर्षातून दोन-चारदाच पेटायची, आणि तोच पाव महिनोन् महिने खायचे. पहिल्या दिवशी मला तो गिळवेना. मग त्यावर तुझा ठेचा लावून खाल्ला आणि थेट कळण्याची भाकरी आठवली, चुलीच्या पुढ्यात बसून, तू पहिला पापुद्रा काढून मला द्यायचीस तो. दादाला कधी दिला नाहीस. त्याला अजून राग आहे.

मूलबाळाचं विचारायचं नाही असं ठरलंय आपलं.

आता दोघांनी नीट ऐका, कारण तुम्ही ऐकत नाही. बाबा, रात्री मोटर चालू करायला शेतात जायचं नाही. तीन फेजची वीज रात्री येते हा तुमचा दोष नाही, पण साप तुमचं वय विचारत नाही. मोबाईलवरचा स्टार्टर बसवून घ्या, पैसे मी दादाकडे पाठवलेत, ते खतात घालू नका. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी. "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नसते. आई, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच धुळ्याला करून घे, आखाजीपर्यंत थांबायचं नाही. मी आल्यावर करू म्हणशील तर मी येणारच नाही. (येणार आहे. पण तू कर.) आणि जूनमध्ये दोघं इकडे या. व्हिसाचे कागद मी बघते. बस घरापासून पाच मिनिटांवर थांबते, तुझ्या गुडघ्यांना जमेल. एकोणीस पायऱ्या आहेत, मोजल्यात.

शेवटचं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

इथं वाटणी मुलगा-मुलगी सारखी होते, पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे कुरणाचे तुकडे रुमालाएवढे झालेत आणि एका घराला चार मालक. आम्ही घेतला तो मजला तीन भावंडांचा होता. आजींना मी आपल्याकडच्या हक्कसोडपत्राबद्दल सांगितलं. त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू सही करून द्यायचीस, की तू तिथली नाहीस?" मी म्हटलं, तसं नसतं ते, प्रेमानं देतात. जर्मनमध्ये ते काही नीट बसलं नाही.

दादा, हे तूही वाचतोयस, माहीत आहे. मळ्यात, विहिरीत मला काही नको, ते तुझंच, तूच राबतोस. पण १४८३ च्या त्या कागदात असंही आहे, की बाहेरच्यानं गावात जमीन घेतली म्हणून त्याला सामाईक कुरणावर, रानावर हक्क मिळत नाही. ते अजूनही साधारण तसंच. मला इथं घर आहे, शेजार आहे, "टागवोल" आहे. पण गावाच्या रानात वाटा नाही. पाणी कुरणाला असतं, आणि कुरण माझं नाही. कपाटातल्या कुठल्याच काठीवर माझी खूण नाही.

तेव्हा पाटाच्या शेवटचा तो दहा गुंठ्यांचा तुकडा माझ्या नावावर राहू द्या. पेर तू, दादा, पीकही तूच घे. फक्त वहीत माझं नाव असू दे, आणि फडाचं पाणी खाली उतरलं की बाबा, एकदा तिथं जाऊन उभे राहा. दिवसा.

तुमची,
बेबी

ता. क. फराळाच्या डब्यात शंकरपाळे कमी, चकल्या जास्त. आजींसाठी अनारसे वेगळे बांध. त्यांना दात आहेत अजून.