झाकणं बसली, बिलही बसलं: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
मंत्रालय, मुंबई

विषय: पुरवलेल्या मालाचे पैसे न दिल्यामुळे मीच 'अनुभव नसलेला' ठरल्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत माझी लहान फौंड्री आहे, वडिलांनी सुरू केलेली. गटारीच्या चेंबरवर बसतात ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, झाकणं आम्ही ओततो. पत्रात मी आपलं नाव घातलेलं नाही. त्या खुर्चीवर जे कोणी बसतात, बसले होते आणि पुढं बसतील, त्या सगळ्यांना हे आहे. ज्या महापालिकेबद्दल लिहितोय तिचंही नाव घेत नाही. भीती वगैरे नाही. बिल अजून तिच्याच टेबलावर आहे, एवढंच.

सोमवारी दुपारी मोबाईलवर महाटेंडरचा, म्हणजे सरकारी निविदांच्या पोर्टलचा, निरोप आला. नव्या निविदेत माझा तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेची कागदपत्रं, नापास. कारण: 'समान स्वरूपाच्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला जोडलेला नाही.' समान स्वरूपाचं काम म्हणजे चेंबरची झाकणं पुरवणं. ती मी पुरवली आहेत. ह्याच महापालिकेला, गेल्या वर्षी, एकशे वीस. पण दाखला मिळतो अंतिम बिल निघाल्यावर. बिल निघालेलं नाही. म्हणजे त्यांनी माझे पैसे दिले नाहीत म्हणून मला कामाचा अनुभव नाही. मी दोनदा वाचलं, मग मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे करणाऱ्या, पोराला वाचायला दिलं, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुमच्याकडं वेळ नसेल, पण माझ्याकडं पंधरा महिने होते.

2 मे 2024 ला पुरवठा आदेश हातात आला. पावसाळ्याआधी माल पाहिजे, उशीर झाला तर रोजचा दंड. 560 मिलिमीटरची, आयएस 1726 प्रमाणे एचडी-20, म्हणजे वीस टनांचा भार झेलणारी झाकणं, फ्रेमसहित. एक जोड पावणेदोनशे किलोचा. मे महिन्यातली फौंड्री आपण कधी पाहिली नसेल. बाहेर ऊन, आत भट्टी, आणि वीजदर परवडावा म्हणून तेव्हा आमचं ओतकाम रात्री. महिनाभर मी आणि दोन मोल्डर कारखान्यातच झोपलो. 10 जूनला शेवटची गाडी गेली. लोड टेस्ट झाली, एकही जोड परत आला नाही, 14 जूनला माल स्वीकारल्याची सही झाली. दर जोडीला 13,000, एकूण 15,60,000, वर 18 टक्के जीएसटी 2,80,800. बिल झालं 18,40,800 रुपयांचं.

ह्यातला जीएसटी मी 20 जुलैला भरला. खिशातून. सरकारला माझ्याकडून घ्यायचे असतात तेव्हा तारीख असते, एक दिवस चुकला तर 18 टक्क्यांनी व्याज लागतं. सरकारनं द्यायचे असतात तेव्हा 'प्रक्रिया' असते.

प्रक्रिया कशी असते तेही ऐका. पहिला आक्षेप: चलनावर 'झाकण' लिहिलंय, आदेशात 'मॅनहोल कव्हर' आहे, दोन्ही एकच असल्याचा खुलासा करावा. केला. लेटरहेडवर, शिक्क्यासह, झाकण म्हणजेच कव्हर असं मी महाराष्ट्र राज्यात मराठीतून लिहून दिलं. दुसरा आक्षेप: मोजमाप पुस्तिकेत 'नग' आहे, बिलात 'सेट' आहे. तिसऱ्या वेळी फाईलच सापडेना, ती सापडली तेव्हा कनिष्ठ अभियंत्यांची बदली झाली होती आणि नव्यांचं म्हणणं, 'मी न बघितलेल्या मालावर सही कशी करू?' बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी त्यांना रस्त्यावर घेऊन गेलो, झाकणं दाखवली. प्रत्येक झाकणावर आमच्या फौंड्रीची खूण आणि साल ओतलेलं आहे. त्यातलं एक नेमकं त्यांच्याच कार्यालयाच्या फाटकासमोर आहे. दर खेपेला मी माझंच झाकण तुडवून त्यांच्या पायऱ्या चढतो. पहाटेच्या एस.टी.नं जायचं, जेवणाच्या सुट्टीनंतर या असं ऐकायचं, रात्री परत. अशा तेवीस खेपा झाल्या.

गेल्या मार्चमध्ये लेखा विभागातल्या साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, "31 मार्चच्या आत निघतंय तुमचं. 30 ला पाडवा आहे, निवांत गुढी उभारा." उभारली. शिवाय भंगारवाल्याला, कोकवाल्याला आणि दोन कामगारांना शब्द दिला. 1 एप्रिलला कळलं की त्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यात, तरतूदच शिल्लक नाही, आता नव्या वर्षात 'दायित्व' म्हणून बघू. साहेब, तरतूद नव्हती तर आदेश कुणाच्या जिवावर दिला होता? मी दुकानात खिसा न तपासता पावणेदोनशे किलो सामान उचललं असतं तर मला काय म्हणाले असते?

हो, वजनावरून आठवलं. फायलीवर वजन ठेवायला पाहिजे असं लोक सुचवतात. मी एकवीस टन ठेवलंय, तुमच्या रस्त्यांवर. ह्यापेक्षा वेगळं वजन ठेवायला सध्या माझ्याकडं काही नाही.

आता कायदा. 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो की आमच्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. माझे 45 दिवस 29 जुलै 2024 ला संपले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तेव्हा रेट पावणेसात होता, म्हणजे सव्वावीस टक्के. यंदा रेट उतरला ते धरलं तरी माझ्या हिशोबानं व्याजच साडेचार लाखांच्या घरात जातं. आमचा सीए म्हणतो थोडं कमी होईल. होऊ दे कमी. मला व्याज नको, मुद्दल द्या, असं तोंडी सांगून झालंय, लेखी सांगून झालंय, हात जोडूनही झालंय.

खासगी गिऱ्हाईकाची गंमत बघा. 2023 च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात 43ब मध्ये एक पोटकलम घातलं, एप्रिल 2024 पासून लागू. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी कापून घेता येत नाही, त्यावर कर भरा. त्या दिवसापासून जे गिऱ्हाईक चार-चार महिने 'साहेब गावाला गेलेत' म्हणायचं, त्याचा आरटीजीएस त्रेचाळिसाव्या दिवशी येतो. कलम चांगलंच आहे. फक्त महापालिका आयकर भरत नाही. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला धाक बसायला पाहिजे होता, तेच नेमकं सुटलं. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिल वटवायच्या ट्रेड्स ह्या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदणीची सक्ती केली, तिथंही महापालिका नाहीत. केंद्राचं सरकारी खरेदीचं 'जेम' पोर्टल 2016 पासून आहे, माल स्वीकारल्यावर दहा दिवसांत पैसे असं त्यावर लिहिलेलं असतं. पोर्टल पैसे देत नसतं हो, देणाऱ्याच्या मनात असावं लागतं.

तक्रार करायची सोय आहे ना, असं आपले सचिव सांगतील. आहे. ऑनलाइन तक्रारीचं पोर्टल आहे, थकलेल्या बिलांचा निवाडा करणारी सुविधा परिषद आहे, तिनं 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर लई भारी. उद्यमनगरातल्या माझ्या एका मित्रानं केली तक्रार. निकाल त्याच्या बाजूनं लागला. त्यानंतर त्याची एकही निविदा तांत्रिक लिफाफ्याच्या पुढं गेली नाही. पाण्यात राहून माशाशी वैर, दुसरं काय! म्हणून मी गप्प राहिलो, तक्रार केली नाही, आणि तरीही बाद झालो. निदान त्याला निकालाचा कागद तरी मिळाला.

जूनपासून माझ्या दोन मोल्डरपैकी एक कागलच्या पंचतारांकित वसाहतीत गेला. त्याचं काही चुकलं नाही, पगार दहा तारखेवरून पंचवीसवर गेला होता. बँकेच्या उचलीचं कॅश क्रेडिट खातं काठोकाठ भरलंय, बँकेचा माणूस आता 'दादा' म्हणायचा बंद झालाय. वडील ऐंशीचे आहेत. रोज संध्याकाळी एकच विचारतात, "आलं काय रे त्यांचं?" मी 'उद्या' म्हणतो. मीही सरकारसारखं बोलायला लागलोय. महिन्यावर दिवाळी आली, बोनसचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

मी एकटा असतो तर पत्र लिहिलं नसतं. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर सकाळी उभं राहा, टँकरवाला, दिव्यांच्या खांबांवाला, पंपांची दुरुस्ती करणारा, सगळ्यांची एकच रडकथा. राज्यात 89 हजार कोटी थकलेत असं कंत्राटदार संघटना म्हणतात. आकडा मी मोजलेला नाही, दहा-वीस हजार कोटी इकडंतिकडं असतील. 2025 च्या जुलैत शेजारच्या सांगली जिल्ह्यात जलजीवन ह्या नळपाण्याच्या योजनेची कामं केलेल्या एका तरुण पोरानं जीव दिला. त्यावर सरकारकडून उत्तर काय आलं? तो उपकंत्राटदार होता, आमच्याकडं त्याच्या नावावर बिल नाही. नावावर बिल नाही! आम्ही गेलो तरी तुम्ही रजिस्टर उघडून नाव शोधणार.

आणि पैसे नाहीत असं तरी कसं म्हणायचं? दरवर्षी मे महिन्यात महापालिकांना अचानक शोध लागतो की जूनमध्ये पाऊस येतो. मग 'आपत्कालीन' म्हणून महापालिका अधिनियमाच्या कलम 67(3)(क) खाली निविदा न काढता खरेदी. त्या बिलांना 'नग' की 'सेट' कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. निविदा भरून, डिजिटल सही घेऊन, अनामत ठेवून, सगळ्यात कमी दर देऊन सरळ वाटेनं येणारा माणूस मात्र टेबलाटेबलावर उभा.

खरं तर ह्यात आमचाही हात आहे, तेही कबूल करतो. जकात नको म्हणून ओरडलो, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी नको म्हणून आम्हीच दुकानं-कारखाने बंद ठेवले. 1 ऑगस्ट 2015 ला पन्नास कोटींखाली उलाढाल असलेल्यांची एलबीटी गेली तेव्हा आम्ही पेढे वाटले. 2017 ला जीएसटी आला आणि महापालिका दर महिन्याला मुंबईकडं तोंड करून अनुदानाची वाट बघायला लागल्या. आज त्या तुमच्या दारात उभ्या, आम्ही त्यांच्या दारात, आणि आमच्या दारात भंगारवाला. पण मग गावाची तिजोरी मुंबईत नेली आहे तर गावाची देणीही तिथूनच चुकवा की. घरपट्टीला नोटीस, पाणीपट्टीला तोडणी, आणि पुरवठादाराला 'बघू'. वर आमच्याच कोल्हापुरात येऊन शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालून उद्योगावर भाषण करायचं. ज्या राजानं 1906 साली इथं गिरणी काढली, व्यापार यावा म्हणून पेठ वसवली, त्याच्या नावानं!

झाकण ही काही मोठी वस्तू नाही, मला कळतं. तिच्या उद्घाटनाला कुणी येत नाही. पण 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईच्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले, ते आपल्याला आठवत असेल. सगळ्यात कमी दरवाल्याला पंधरा महिने पैसे द्यायचे नाहीत, मग तो पुढच्या वेळी काय करेल? एक तर भरणारच नाही, नाहीतर बिडाची जाडी कमी करेल. वरून रंग सारखाच दिसतो.

मागण्या तीनच आहेत. माझं बिल द्या. बिल द्यायच्या आधी निदान दाखला तरी द्या, कारण माल स्वीकारल्याची सही तुमच्याच माणसाची आहे. आणि तरतूद बाजूला ठेवल्याशिवाय एकाही महापालिकेला पुरवठा आदेश काढू देऊ नका. आणखी पाच-सहा होत्या, पण ह्या तीन झाल्या तरी मी पंचगंगेच्या घाटावर नारळ फोडीन.

आपला,
शिरोलीतला एक फौंड्रीवाला
(तुमच्या नोंदीत: अनुभव नाही)

ता. क. हे लिहून ठेवलं आणि महापालिकेतून फोन आला. एक झाकण गाडी गेली की वाजतंय, लोकांच्या तक्रारी आहेत, सात दिवसांत बदला, नाहीतर काळ्या यादीत टाकू. हमीचा कालावधी तीन वर्षांचा आहे आणि तो मात्र बिनचूक चालू आहे. फ्रेम बसवताना खालचं काँक्रीट नीट भरलं नसणार, ते काम दुसऱ्या ठेकेदाराचं होतं. तरी बुधवारी टेम्पोत एक जोड घालून जातोय. जाता जाता लेखा विभागातही डोकावीन.